अली वॉलेस : पक्ष्यांच्या इतिहासातले एक हरवलेले नाव

१९०७ साली थॉमस बार्बर नावाचा एक तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आपल्या पत्नीसह पूर्वेकडील डच बेटांवर हिंडत होता. आज त्या बेटांना आपण इंडोनेशिया म्हणतो. तरनाते या छोट्या बेटावर एके दिवशी ही मंडळी डोंगरावरच्या तळ्याकडे निघाली होती. बरोबर बंदुका होत्या, फुलपाखरांची जाळी होती, पक्षी ठेवायच्या पिशव्या होत्या. रस्त्यात एका म्हाताऱ्या मलय माणसाने त्यांना थांबवले. चेहरा सुरकुतलेला, डोक्यावर विटलेल्या निळ्या रंगाची तुर्की टोपी. त्याने फक्त आपले नाव सांगितले. आपण अली वॉलेस आहोत, एवढेच तो म्हणाला.

बार्बरला दुसरी ओळख लागली नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गसंशोधकाची पुस्तके त्याने वाचलेली होती आणि त्या पुस्तकांत वरचेवर येणारा अली नावाचा मुलगा तो हाच, हे त्याच्या लगेच लक्षात आले. त्याने म्हाताऱ्याचे छायाचित्र काढले आणि घरी परतल्यावर ते इंग्लंडला वॉलेसकडे पाठवले. वॉलेस तेव्हा ८४ वर्षांच्या पुढे गेला होता. त्याचे उत्तर आले. एका भयंकर तापात या अलीने शुश्रूषा करून आपला जीव कसा वाचवला होता, त्याच्या आठवणी त्या पत्रात होत्या. पुढे १९४३ साली बार्बरने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात ही सारी हकिगत आली आहे. त्यातच त्याने कबूल केले आहे की वॉलेसचे ते पत्र आपल्या हातून हरवले.

जगाच्या इतिहासात हरवलेली पत्रे पुष्कळ आहेत. या एका पत्राची हळहळ आम्हाला अधिक वाटते. कारण एका गरीब मुसलमान मुलाने विज्ञानाच्या इतिहासावर केलेल्या उपकाराची ती पावती होती, आणि ती पावती देणाऱ्याच्या हाताची होती.

या अलीची गोष्ट आमच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मराठीत लिहिताना साहेबाला 'ते' आणि नोकराला 'तो' असे हातून सहज होऊन जाते. आम्ही या लेखात दोघांनाही 'तो'च म्हटले आहे. यात वॉलेसचा अनादर करण्याचा हेतू नाही.

साहेब

वॉलेस हा बड्या घरचा माणूस नव्हता. १८२३ साली वेल्समध्ये उस्क गावाजवळ त्याचा जन्म झाला. घरची स्थिती खालावल्याने चौदाव्या वर्षी शाळा सुटली. भावाबरोबर जमीन मोजणीचे काम करता करता त्याला झाडापानांचा आणि किड्यांचा नाद लागला. त्या काळी इंग्लंडमध्ये दूरदेशीचे पक्षी, फुलपाखरे, भुंगे जमवण्याची हौस श्रीमंतांना होती आणि संग्रहालयांनाही ते नमुने हवे असत. हे नमुने गोळा करून विकायचे, त्यावर पोट भरायचे आणि जमेल तेवढा अभ्यास करायचा, असा मार्ग त्याने पत्करला.

पहिला प्रवास झाला तो दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यात, १८४८ ते १८५२ या काळात. तिथे मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट पीतज्वराने मेला. परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली आणि वॉलेसजवळचा बहुतेक संग्रह जळून गेला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा दोन वर्षांत पुन्हा निघाला. १८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला उतरला आणि पुढची आठ वर्षे मलय बेटांवर हिंडत राहिला. या आठ वर्षांत सुमारे १४,००० मैलांचा प्रवास झाला. त्याने स्वतःच दिलेल्या हिशोबाप्रमाणे एकूण १,२५,६६० नमुने जमले. त्यांत भुंगे-किड्यांचा भरणा मोठा, पण पक्षीही ८,०५० होते.

हा आकडा वाचला की आमच्या मनात एक साधा प्रश्न येतो. एकटा माणूस, त्यातही वर्षातले कित्येक दिवस तापाने अंथरुणावर पडलेला, आठ हजार पक्षी कसा मारील, कसा सोलील आणि कसा टिकवील? या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले की अली भेटतो.

सारावाकचा मुलगा

बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सारावाक नावाचे राज्य होते. जेम्स ब्रूक नावाचा इंग्रज तिथे राजा होऊन बसला होता. त्याच्या आश्रयाला वॉलेस १८५४ च्या अखेरीस गेला. लंडनहून त्याने चार्ल्स अॅलन नावाचा एक मुलगा मदतनीस म्हणून आणला होता, पण त्याचे काम वॉलेसच्या मनास येत नव्हते. १८५५ साली वॉलेसने अली नावाच्या मलय मुलाला कामावर ठेवले. अॅलन पुढे सारावाकलाच राहिला आणि अली वॉलेसबरोबर निघाला.

अलीला ठेवले होते ते दोन कामांसाठी. एक घरकाम आणि स्वयंपाक, दुसरे म्हणजे त्याच्याशी सतत बोलून वॉलेसला मलय भाषा यावी म्हणून. म्हणजे या नात्यात पहिला शिक्षक अली होता. बेटाबेटांवर निरनिराळ्या बोली असल्या तरी बाजारात आणि बंदरात सगळीकडे मलय चाले. ती येत नसती तर वॉलेसला होडी मिळाली नसती, तांदूळ मिळाला नसता आणि कुठल्या रानात कुठला पक्षी आहे हेही कळले नसते.

ही भाषा आपल्यालाही अगदी परकी नाही. अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून गेलेले व्यापारी, फकीर आणि त्यांच्याबरोबर गेलेला इस्लाम यांनी तिच्यात पुष्कळ शब्द टाकले. दुनिया, किताब, वक्त, सबर हे शब्द थोड्या फरकाने मलय माणूसही बोलतो. दोन माणसे भेटली की एकमेकांना 'आपा काबार' असे विचारतात, म्हणजे 'काय खबर?' हा 'काबार' आपलाच 'खबर' आहे. त्या काळी ही भाषा अरबी लिपीत लिहीत. अलीच्या तोंडून वॉलेस जी भाषा शिकला तिचे नाते असे थेट आपल्या घरांपर्यंत येते.

अली बंदूक चालवायला शिकला, पक्षी सोलायला शिकला आणि पुढे सोललेली कातडी नीट भरून तयार करण्यातही तरबेज झाला. होडी वल्हवणे तर त्याच्या रक्तातच होते. नवे नोकर आले की त्यांना काम शिकवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. वॉलेसच्या पुस्तकात तो आधी मुलगा म्हणून येतो आणि नंतर मुख्य माणूस म्हणून. सारावाकचा स्वयंपाकी चार वर्षांच्या आत एका संशोधन मोहिमेचा मुकादम झाला होता.

कातडी राखण्याचे काम

संग्रहालयातले पक्षी पाहताना ते मेल्यावर आपोआप तसेच राहिले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते काम फार कष्टाचे आणि घाईचे असते. उष्ण, दमट हवेत मेलेला पक्षी काही तासांत कुजू लागतो आणि पिसे गळतात. म्हणून तो पडल्याबरोबर जखमेत कापूस कोंबून रक्त थांबवायचे, म्हणजे पिसे डागाळत नाहीत. मग पोटावर छेद घेऊन अंगरखा उतरवावा तशी सबंध कातडी उतरवायची. डोक्याच्या कवटीतून मेंदू काढायचा, मांस साफ करायचे. कातडीला आतून सोमल घातलेला साबण चोळायचा, आत कापूस भरायचा, पंख आणि चोच जागेवर बसवून ती वाळवायची. शेवटी पायाला चिठ्ठी बांधायची आणि तीवर गाव आणि तारीख लिहायची. सोमल हे विष आहे. ते रोज हाताळावे लागे.

एवढे करून भागत नसे. न्यू गिनीत मुंग्या वॉलेसच्या डोळ्यांदेखत टेबलावरचे किडे पळवीत. मोठ्या निळ्या माश्या वाळत घातलेल्या कातड्यांवर थव्याने बसून अंडी घालीत आणि दुसऱ्या दिवशी तिथे अळ्या वळवळत. मोकाट कुत्री संधी साधून कातडी ओढून नेत. पाऊस लागला की बुरशी धरे. अशा स्थितीत हजारो पक्षी लंडनला सुखरूप पोचले. तिथे सॅम्युअल स्टीव्हन्स हा वॉलेसचा अडत्या ते विकून पैसे जमा करी, आणि त्या पैशांवर इकडचा सारा प्रपंच चाले. कातडी खराब झाली तर साहेबाची मोहीमच बंद पडली असती. त्या कातड्या ज्यांच्या हातून तयार होत त्यांत अलीचे हात मोठे होते.

ताप

उष्ण कटिबंधात त्या काळी हिंडणाऱ्या माणसाचा खरा सोबती ताप. हिवताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ती गोष्ट रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत सिद्ध केली ती १८९७ साली. वॉलेसच्या काळी दलदलीतल्या वाईट हवेने ताप येतो अशी समजूत होती, आणि औषध एकच, क्विनाइन.

१८५६ साली सेलेबिस बेटावर, म्हणजे आजच्या सुलावेसीत, मकासरजवळच्या खेड्यात वॉलेसला ताप आला. क्विनाइन घेऊन तो उठतो न उठतो तोच अलीने अंथरूण धरले. त्याचा ताप रोज यायचा, पण सकाळी थोडी उतार पडे. तेवढ्या वेळात तो उठून दिवसभराचे अन्न शिजवून ठेवी आणि पुन्हा पडे. वॉलेसने औषध देऊन आठवड्यात त्याला बरे केले. वॉलेसने ही गोष्ट चार ओळींत सांगितली आहे. तापलेल्या अंगाने पहाटे चूल पेटवणारा तो मुलगा आम्हाला त्या चार ओळींतून स्पष्ट दिसतो. हेही नोंदले पाहिजे की औषध पाजणारा हात साहेबाचा होता. आजारपणात दोघे एकमेकांचे नर्स झाले होते.

पुढच्या वर्षी दोघे आरू बेटांवर गेले. तिथे जाण्याचे कारण स्वर्गपक्षी. या पक्ष्यांची वाळलेली कातडी शतकानुशतके व्यापारात होती. ती विकणारे लोक पाय कापून टाकीत, त्यामुळे युरोपातल्या विद्वानांची समजूत झाली की या पक्ष्यांना पायच नसतात आणि ते जमिनीवर कधी उतरत नाहीत. लिनियसने १७५८ साली त्यांच्यातल्या एकाला 'बिनपायाचा' या अर्थाचेच लॅटिन नाव दिले. मलय व्यापारी त्यांना 'मानुक देवता', देवाचे पक्षी, असे म्हणत. मुसलमान व्यापाऱ्यांच्या तोंडी 'देवता' हा संस्कृत शब्द होता आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. शब्द कसे प्रवास करतात ते यावरून दिसते.

आरूच्या रानात वॉलेसच्या पायांना डास आणि वाळूमाश्या इतक्या चावल्या की पायांना जखमा पडल्या. कित्येक दिवस त्याला उभे राहता येईना, नदीवर आंघोळीला जायचे तर सरपटत जावे लागे. डोळ्यांपुढे स्वर्गपक्ष्यांचे रान आणि साहेब घरात कोंडलेला. त्या दिवसांत रानात जाऊन पक्षी आणले ते त्याच्या मुलांनी. त्याआधी तांबड्या रंगाचा छोटा राजस्वर्गपक्षी वॉलेसच्या हातात पहिल्यांदा पडला तोही मकासरच्या बादेरून नावाच्या मुलाने आणलेला. वॉलेसला त्या पक्ष्याने वेड लावले. त्यावर त्याने लिहिलेली पाने आजही आवडीने वाचली जातात. बादेरून पुढे जुगारात पगार उधळून निघून गेला. त्या पानांवर त्याचे नाव मात्र राहिले.

२६ जून आणि १ जुलै

१८५८ च्या जानेवारीत वॉलेस तरनातेला आला. लवंगांच्या व्यापारामुळे जगभर माहीत झालेले हे बेट मुसलमान सुलतानांच्या राज्याचे ठाणे होते. इथे त्याने घर भाड्याने घेतले. पुढची तीन वर्षे हेच घर त्याचा तळ होता. फेब्रुवारीत त्याला थंडी वाजून ताप येत होता. ताप चढला की रोज काही तास पडून राहावे लागे. अशाच एका पडल्या वेळी जीवजाती कशा बदलत जातात या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्याला सुचले. जगण्याच्या झगड्यात जे परिस्थितीला अधिक अनुरूप असतात ते टिकतात, बाकीचे जातात. त्याने दोन संध्याकाळी बसून निबंध लिहिला आणि टपालाच्या बोटीने चार्ल्स डार्विनला पाठवला. डार्विन वीस वर्षे याच विचारावर काम करीत होता. तो हादरला. मित्रांनी मार्ग काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लिखाण एकत्र वाचले गेले. या सिद्धान्ताविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. तो आजचा विषय नाही.

आजचा विषय असा की त्या दिवशी वॉलेस कुठे होता? तो न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर डोरे नावाच्या जागी होता. आपला निबंध वाचला जात आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती. त्याच्या घोट्याला दुखापत होऊन जखम चिघळली होती आणि आठवडेच्या आठवडे तो झोपडीत पडून होता. तरनातेहून त्याने चार माणसे आणली होती. मुख्य माणूस अली. पक्षी मारायला अलीच्या जोडीला जुमात नावाचा एक तरुण. लाकूडतोडीला आणि किडे गोळा करायला लाहागी नावाचा पोक्त माणूस. आणि लोईसा नावाचा जावाचा स्वयंपाकी. या माणसांतही आजार शिरला, कोणाला ताप, कोणाला आमांश. वॉलेसने जवळ होती ती औषधे दिली, पण जुमात उठला नाही. २६ जून १८५८ रोजी तो मेला. वय अठराच्या सुमारास. शांत स्वभावाचा आणि नेटाने काम करणारा पोर होता, असे वॉलेसने लिहून ठेवले आहे. माणसे सगळी मुसलमान असल्यामुळे त्यांना आपल्या रीतीप्रमाणे दफन करू दिले आणि कफनासाठी कोरे सुती कापड दिले, हेही त्याने लिहिले आहे.

हा मजकूर आम्ही वाचला तेव्हा काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. जुमात म्हणजे जुम्मा, शुक्रवार. आपल्याकडच्या जुम्मन, जुम्मासारखेच नाव. घरापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर, जिथे ना मशीद ना कब्रस्तान अशा किनाऱ्यावर, आजारातून जेमतेम उठलेल्या दोन-तीन माणसांनी त्याला गुस्ल दिला असेल, कफन घातले असेल, जनाज्याची नमाज पढली असेल. अली मुख्य माणूस होता, तेव्हा पुढाकार त्याचाच असणार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदूक घेऊन रानात जायचे होते.

लंडनच्या त्या सभेला डार्विनही हजर नव्हता. त्याचे तान्हे मूल तापाने २८ जूनला गेले होते. विज्ञानाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक हे दुःख आवर्जून सांगतात आणि ते सांगितलेच पाहिजे. पण त्याच दुःखाच्या दोन दिवस आधी, त्याच कथेतल्या दुसऱ्या टोकाला, एक अठरा वर्षांचा मुलगा गेला होता. त्याचे नाव त्या कथेत येत नाही. ते शोधायला वॉलेसच्या पुस्तकाचे न्यू गिनीचे प्रकरण उघडावे लागते.

बाचानचा पक्षी

डोरेहून परतल्यावर १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळी बाचान बेटावर गेली. तिथे थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी अली रानातून परतला तो कमरपट्ट्याला काही पक्षी लटकवून. चेहरा खुललेला. त्याने एक पक्षी पुढे केला आणि साहेबाला म्हणाला की हा पक्षी काही तरी निराळाच आहे. वॉलेस प्रथम गोंधळला. अंग राखी-तपकिरी, छातीवर हिरवी चमकदार ढाल, आणि दोन्ही खांद्यांतून निघालेली पांढरी लांब पिसे, प्रत्येक बाजूला दोन, जणू खांद्यावर निशाणे रोवली आहेत. तो स्वर्गपक्ष्यांचा एक अगदी नवा प्रकार होता. शास्त्राला तोपर्यंत माहीत नसलेला.

पक्षी लंडनला गेला. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज ग्रे याने १८५९ साली त्याला नाव दिले, 'सेमिऑप्टेरा वॉलेसी'. आजही हेच नाव आहे. पक्षी अलीने पाहिला, अलीने पाडला, तो निराळा आहे हेही आधी अलीच्याच ध्यानात आले, आणि नाव लागले वॉलेसचे. यात वॉलेसने लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. नाव त्याने दिलेले नाही. उलट हा पक्षी अलीने आणला हे त्यानेच आपल्या पुस्तकात लिहिले. ते लिहिले नसते तर हा लेखही लिहिता आला नसता. दोष एका माणसाचा नव्हे. मालकाचे नाव लागायचे आणि हाताचे नाव गळायचे हीच त्या व्यवस्थेची रीत होती.

श्रेयाचा हिशोब

इथे आम्हाला आमच्याच लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. असा एखादा अली सापडला की आपल्यापैकी अनेकांना चटकन मोठी वाक्ये लिहिण्याचा मोह होतो. अली नसता तर उत्क्रांतीचा सिद्धान्तच नसता, खरा शास्त्रज्ञ अलीच होता, इंग्रजांनी त्याचे श्रेय चोरले, असे लेख सहज लिहिता येतील आणि टाळ्याही मिळतील. पण पुरावा तसे सांगत नाही. अलीने वॉलेसचा जीव एका तापात वाचवला ही आठवण वॉलेसची स्वतःची, बार्बरने सांगितलेली. तो ताप फेब्रुवारी १८५८ चाच होता असे त्या आठवणीत म्हटलेले नाही. तेव्हा तेवढ्यावर थांबले पाहिजे. इतिहासाने आपल्यावर अन्याय केला म्हणून आपण इतिहासावर अन्याय करावा, हे बरे नव्हे.

दुसऱ्या बाजूने, 'एक विश्वासू नोकर' एवढे म्हणून अलीला कोपऱ्यात बसवणेही खरे नाही. जॉन व्हॅन वाय आणि गेरेल ड्रॉहॉर्न या दोन अभ्यासकांनी २०१५ साली अलीवर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. वॉलेसची पुस्तके, वह्या आणि पत्रे तपासून त्यांनी दाखवले की वॉलेसच्या पक्षिसंग्रहातला फार मोठा वाटा अलीच्या हातचा असला पाहिजे. आणि हा संग्रह शोभेचा नव्हता. बाली आणि लोंबोक ही दोन बेटे अगदी जवळ, पण एकावरचे पक्षी आशियातले आणि दुसऱ्यावर ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे, हे वॉलेसने १८५६ साली पाहिले तेव्हा अली त्याच्या बरोबर होता. त्यातूनच प्राण्यांच्या वाटणीची जी रेघ नकाशावर आली ती आजही 'वॉलेसची रेघ' म्हणून शिकवली जाते. तिच्या मागे बेटाबेटांवर पाडलेल्या, सोललेल्या, चिठ्ठ्या बांधलेल्या पक्ष्यांचा पुरावा आहे. विचार वॉलेसचा, हे निर्विवाद. पण पुराव्यावाचून विचार हवेत राहतो, आणि तो पुरावा पुष्कळसा अलीने खांद्यावरून वाहून आणलेला होता.

वॉलेसने अलीला काय दिले तेही सांगितले पाहिजे. १८६२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरला निरोपाच्या वेळी त्याने पैसे दिले, आपल्या दोन दुनळी बंदुका दिल्या, दारूगोळा, हत्यारे आणि उरलेले सामान दिले. तिथे अलीने पहिल्यांदाच युरोपियन कपडे घातले आणि एका परिचिताने त्याचे छायाचित्र काढले. १९०५ साली वॉलेसने आत्मचरित्र लिहिले तेव्हा ते छायाचित्र त्यात छापले आणि आपल्या सर्व नोकरांत हा उत्तम, आपल्या प्रवासांचा इमानी सोबती, असे लिहिले. साम्राज्याच्या त्या काळात किती साहेबांनी आपल्या नोकराचे चित्र आत्मचरित्रात छापले असेल? पण अलीच्या बापाचे नाव काय, गाव कोणते, हे वॉलेसने कुठेही लिहिले नाही. प्रेम होते, कृतज्ञता होती, तरी तेवढे विचारून लिहून ठेवावे असे त्याला वाटले नाही.

अलीने मधल्या काळात तरनातेच्याच मुलीशी लग्न केले होते. पुढे तो तिकडेच राहिला आणि पंचेचाळीस वर्षांनी बार्बरला तिथेच भेटला. मलय मुसलमान आपल्या नावापुढे 'बिन' लावून बापाचे नाव सांगतो. या म्हाताऱ्याने त्या जागी वॉलेसचे नाव लावले. याचा अर्थ काय घ्यावा? कोणी म्हणेल, ही गुलामी मनात किती खोल गेली पाहा. आम्हाला तसे वाटत नाही. बंदुका आणि जाळी घेऊन निघालेली गोरी मंडळी पाहून त्या म्हाताऱ्याने ओळखले की हे आपल्याच धंद्यातले लोक आहेत. आणि या धंद्यात आपले काय स्थान आहे ते त्याने दोन शब्दांत सांगितले. ज्या नावावर सगळे श्रेय जमा झाले होते त्या नावाला त्याने आपले नाव जोडून टाकले. ती आमच्या मते हक्काची मागणी होती.

आपल्या घरातले अली

मुंबईत दुसरा एक अली होऊन गेला, डॉ. सलीम अली. लहानपणी त्यांनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबाकडे पाठवले, आणि तिथून हिंदुस्थानी पक्षिशास्त्राची एक मोठी वाट सुरू झाली. सलीम अलींना दार उघडून देणारा मामा होता, शिकलेले घराणे होते. सारावाकच्या अलीकडेही बहुधा तीच नजर होती. नाही तर बाचानच्या रानात तो पक्षी निराळा आहे हे त्याला कसे कळले असते? त्याच्याकडे दार उघडणारा मामा नव्हता. दोन अलींमधले अंतर बुद्धीपेक्षा संधीचे अधिक आहे, आणि आपल्या समाजाने हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. दूर तरनातेच्या अलीसाठी हळहळताना आपल्या घराकडेही पाहावे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आपले किती तरी वाडवडील साहेबांच्या आगबोटींवर गेले. कोणी सारंग, कोणी तांडेल, कोणी खलाशी, कोणी भट्टीत कोळसा टाकणारा. त्या बोटींनी ज्यांचे माल आणि ज्यांची टपाले वाहिली त्यांची नावे ग्रंथांत आहेत. बोटी चालवणाऱ्यांची नावे कुठे आहेत? काही घरांत जुन्या पेटीत एखादी नळी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीचा दाखला, अजून पडलेली असेल. काही घरांत एखादी म्हातारी खाला किंवा चाची अजून असेल, जिला आजोबांच्या बोटीचे नाव आठवते.

तो दाखला वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बाहेर काढावा. ती म्हातारी आहे तोवर तिच्याजवळ बसून नाव, बापाचे नाव, गाव, साल, बोट हे सारे लिहून घ्यावे. वॉलेसने अलीच्या बापाचे नाव विचारले नाही आणि ते कायमचे गेले. बार्बरने पत्र जपले नाही आणि तेही गेले. ती दोघे परकी माणसे होती. आपल्या माणसांची नावे आपण विचारली नाहीत तर दोष कोणाला देणार?

तरनातेचा तो म्हातारा कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहत बसला नव्हता. भर रस्त्यात उभा राहून त्याने आपले नाव स्वतःच सांगितले, म्हणून आज ते आपल्याजवळ आहे. जुमातला तेवढे आयुष्य मिळाले नाही. त्याच्यासाठी या पानापुरते तरी आम्ही फातिहा पढतो.